सहांतला उरलेला एक : कार्स्टन नीबूर

सन १७६१ च्या जानेवारीचे नाव काढले की आपणां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढे पानिपताखेरीज दुसरे काही उभे राहत नाही, आणि ते साहजिकच आहे. पण त्या संहाराच्या बरोबर दहा दिवस आधी, म्हणजे ४ जानेवारीस, युरोपच्या पार उत्तरेला कोपनहेगनच्या बंदरातून डेन्मार्कच्या राजाचे एक लढाऊ जहाज निघाले होते. जहाज लढाऊ असले तरी त्यावरच्या पाहुण्यांना कोणाशीही लढावयाचे नव्हते. मुलूख जिंकावयाचा नव्हता, वखार घालावयाची नव्हती, धर्मप्रसारही करावयाचा नव्हता. पाच शिकलेली माणसे आणि एक नोकर अशी ती सहा जणांची मंडळी केवळ माहिती गोळा करण्यासाठी अरबस्तानात निघाली होती. पानिपताशी या गोष्टीचा काही संबंध नाही. मात्र या सहांपैकी दोघे अडीच वर्षांनंतर मुंबईच्या किनाऱ्याला जिवंत लागले, त्यांपैकी एक मुंबईच्याच मातीत गेला, आणि उरलेल्या एकाने घारापुरीची लेणी फुटपट्टी लावून मोजली. म्हणून त्याची ओळख आपण करून घेणे अगदीच अस्थानी होणार नाही.

त्याचे नाव कार्स्टन नीबूर. त्याच्यापेक्षा त्याचा मुलगा, रोमचा इतिहासकार बार्टोल्ड नीबूर, हाच विद्वानांत अधिक प्रसिद्ध झाला. बापाच्या वाट्याला ते भाग्य का आले नाही हे त्याची हकीकत ऐकली म्हणजे कळते.

कार्स्टनचा जन्म १७ मार्च १७३३ चा. उत्तर जर्मनीत एल्ब नदीच्या मुखापाशी समुद्र हटवून केलेली पाणथळ, सुपीक जमीन आहे. तिथल्या ल्यूडिंगवर्थ नावाच्या गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. आई तान्हेपणीच गेली, बाप सोळाव्या वर्षी. शाळा अर्धवट सुटली आणि पोरगा शेताला लागला. पुढे त्याच्या भागात एका शेताच्या क्षेत्रफळावरून वाद कोर्टात गेला. तेव्हा असे दिसून आले की जमीन मोजू शकेल असा माणूस साऱ्या मुलखात नाही. परगावाहून मोजणीदार आणावा लागला. ही गोष्ट त्या तरुणाला लागली. आपल्या मुलखाची ही उणीव आपण भरून काढावी एवढ्याच हेतूने, बावीस वर्षांचा असताना, तो ब्रेमेनला आणि मग हांबुर्गला गेला, वयाने लहान असलेल्या मुलांच्या बरोबर बसून लॅटिन आणि गणित शिकला, आणि १७५७ साली ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. जमिनीच्या वादांची आपल्याला चांगलीच ओळख असल्यामुळे या आरंभाचे अप्रूप आम्हांला थोडे जास्तच वाटते. बांधाच्या भांडणातून निघालेली विद्या इतक्या दूरवर पोहोचल्याची उदाहरणे फार नाहीत.

त्याच ग्यॉटिंगेनमध्ये मिखाएलिस नावाचे मोठे बायबलपंडित होते. जुन्या करारातील झाडे, प्राणी, रोग, वजने, मापे, चालीरीती यांचा उलगडा अरबस्तानात होईल, कारण तिथले जीवन हजारो वर्षांत फारसे बदलले नसावे, असा त्यांचा तर्क होता. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक आणि त्याचा मंत्री बेर्नस्टॉर्फ यांच्या गळी त्यांनी ही कल्पना उतरविली. मोजणीसाठी एक माणूस हवा होता. गणिताचे प्राध्यापक केस्टनर यांनी नीबूरला अरबस्तानात जातोस का म्हणून सहज विचारले. खर्च कोणी करीत असेल तर का नाही, असे तोही सहजपणेच म्हणाला, अशी आठवण त्याच्या मुलाने नोंदविली आहे. त्यानंतर मात्र त्याने सहजपणे काही केले नाही. टोबियास मायर या ज्योतिर्विदापाशी बसून चंद्र आणि तारे यांच्यामधील अंतरावरून रेखांश काढण्याची अवघड पद्धत तो शिकला. अक्षांश काढणे त्या काळी सोपे होते. रेखांश काढताना भलेभले चुकत.

मंडळी कशी होती तेही पाहिले पाहिजे. फॉन हाव्हेन हे डॅनिश भाषापंडित. पेटर फोर्सकॉल हा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसचा लाडका शिष्य, बुद्धीने तल्लख आणि जिभेने तिखट. क्रामेर हे वैद्य. बाउरेनफाइंड हे चित्रकार. आणि बेरग्रेन नावाचा स्वीडिश नोकर, पूर्वीचा घोडेस्वार. राजाची आज्ञा अशी की सर्वांचा दर्जा सारखा, पुढारी कोणीच नाही. तिजोरी तेवढी नीबूरकडे. तिथल्या लोकांशी सभ्यतेने वागावे, त्यांच्या धर्माविषयी वाद घालू नये, हेही राजाने बजावून लिहिले होते. ही दुसरी आज्ञा शहाणपणाची होती. पहिली कागदावर शोभणारी. पुढारी नसलेली मंडळी कॉन्स्टँटिनोपलला पोहोचेपर्यंत इतकी बिघडली की फॉन हाव्हेनने तिथे बराचसा सोमल विकत घेतल्याचे कळताच इतरांना तो आपल्याच अन्नात पडणार अशी धास्ती वाटू लागली. कोणी कोणाला विष घातले नाही. परंतु एका पंगतीला बसणाऱ्यांना अशी शंका येणे हेच पुरेसे होते.

इजिप्तमध्ये त्यांचे जवळजवळ वर्ष गेले. तिथून फॉन हाव्हेन आणि नीबूर सिनाईच्या डोंगरात गेले. तिथे एक ‘लिहिलेला डोंगर’ आहे, त्यावर मोझेसच्या काळचे लेख असतील, अशी युरोपात मोठी आशा होती. वाटाड्यांनी त्यांना नेले ते प्राचीन इजिप्शियन अवशेषांपाशी. सेंट कॅथरिनच्या मठात जुनी हस्तलिखिते होती, पण योग्य शिफारसपत्र नसल्यामुळे मठाचे दार उघडलेच नाही. भाषापंडित निराश झाला. मोजणीदाराने काय केले? पुढ्यात असलेली इजिप्शियन चित्राक्षरे त्याला वाचता येत नव्हती. जगात तेव्हा कोणालाच येत नव्हती. त्याने ती मुकाट्याने वहीत उतरवून घेतली.

आमच्या मते नीबूरचा सारा स्वभाव या एका प्रसंगात आला आहे. पंडित काही ठराविक शोधायला निघाला होता. ते सापडले नाही म्हणून त्याच्या लेखी सफर फुकट गेली. नीबूर काहीच शोधत नव्हता. समोर येईल ते नेमके नोंदवावे एवढेच त्याला शिकविले होते.

१७६२ च्या डिसेंबरअखेर मंडळी येमेनच्या लोहिया बंदरात उतरली. तिथला अंमलदार अमीर फरहान याने त्यांचे प्रेमाने स्वागत केले, आणि पुढचे काही आठवडे या प्रवासातले सर्वांत सुखाचे ठरले. अंगात स्थानिक पोशाख, बसायला गाढव, असे ते कॉफीच्या डोंगरांतून हिंडले. नीबूर घड्याळ आणि होकायंत्र घेऊन जनावराच्या चालीवरून अंतर काढी, रात्री तुरीययंत्राने तारे पाही आणि सकाळी नकाशात एक रेघ वाढवी. फोर्सकॉलला मक्केच्या सुगंधी बाळसमाचे झाड सापडले, ज्याची त्याच्या गुरूला फार दिवस आस होती. मग नशीब फिरले. मोख्याच्या जकातीवर त्याच्या बरण्या फोडण्यात आल्या, मद्यार्कात ठेवलेल्या माशांच्या दुर्गंधीने मोठा गहजब झाला. २५ मे १७६३ रोजी फॉन हाव्हेन मोख्यात वारला. ११ जुलैस यरीम या डोंगरी गावी फोर्सकॉल गेला. त्याची तिरडी न्यायला माणसे मिळताना मुष्कील पडली. मागे राहिलेल्यांनी साना गाठले. तिथल्या इमामाने त्यांना वर्षभर राहण्याचा आग्रह केला, पण धीर खचला होता. मुंबईकडे जाणारे इंग्रजी जहाज गाठण्यासाठी ते मोख्याला परतले आणि आजारी स्थितीतच त्यावर चढले. २९ ऑगस्टला चित्रकार बाउरेनफाइंड, ३० ऑगस्टला बेरग्रेन. दोघांनाही समुद्रात सोडावे लागले.

हा हिवताप होता. तो डासांमुळे होतो हे कळायला अजून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जायचा होता, आणि त्याचा शोध आपल्याच देशात, सिकंदराबादेस, १८९७ साली लागायचा होता. या मंडळींना वाटे, कधी थंडी बाधली, कधी खाणे.

नीबूर आणि वैद्य क्रामेर १७६३ च्या सप्टेंबरात मुंबईला लागले. १० फेब्रुवारी १७६४ रोजी क्रामेरही गेला. तिशी नुकतीच ओलांडलेला, तापाने खंगलेला, मुंबईत येऊन इंग्रजी शिकू लागलेला एक शेतकरी मोजणीदार साऱ्या राजेशाही मोहिमेचा एकमेव वारस राहिला. आणि मिखाएलिस महाशयांनी विद्वानांसाठी तयार केलेला शंभर प्रश्नांचा छापील ग्रंथ त्याच्या हाती पडला तो या मुंबईत! ज्यांनी उत्तरे द्यायची ते सगळे मातीखाली नाही तर पाण्याखाली होते.

मुंबईविषयी त्याने लिहिलेले आपण मुद्दाम पाहावे. त्याला दिसलेली मुंबई लहान होती. वस्ती त्याने १,४०,००० सांगितली आहे, आणि ती थोड्याच वर्षांत फार वाढली असेही नोंदविले आहे. खाडीपलीकडची साष्टी तेव्हा मराठ्यांकडे होती. बेटाच्या हवेविषयी युरोपियनांत फार भीती असे. दोन पावसाळे हेच इथे आलेल्या गोऱ्याचे आयुष्य, असे म्हणत. नीबूरने बारकाईने पाहिले आणि लिहिले की दोष एकट्या हवेचा नाही. नव्याने आलेले लोक उन्हाळ्यात गोमांस आणि डुकराचे मांस भरपूर खातात, पोर्तुगालची कडक दारू पितात आणि अंग आवळणारे युरोपियन कपडे सोडीत नाहीत. इथला माणूस सैल वस्त्र नेसतो, भात खातो, पाणी पितो आणि नीट जगतो. आपली मंडळी येमेनमध्ये तशीच चुकली, मांसाचा हट्ट धरून बसली, असा स्वतःच्या घराचा दोषही तो लपवीत नाही. त्याचे वैद्यक आज पटण्यासारखे नाही. डासाने भातखाऊ आणि मांसखाऊ असा भेद कधी केलेला नाही. स्वतः तो वाचला यात नशिबाचा वाटा मोठा होता. पण परक्या मुलखात आजारी पडलेला युरोपियन त्या मुलखाला शिव्या घालावयाच्या ऐवजी आपल्या ताटाकडे पाहतो, ही गोष्ट त्या शतकात थोडकी नव्हती.

मग घारापुरी. मुंबईहून होडीने जाण्यासारखे हे बेट, पण तेव्हा ते इंग्रजांचे नव्हते. साष्टीबरोबर १७७४ च्या मोहिमेत ते त्यांच्या हाती आले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने पक्के झाले. बंदरापाशी तो दगडी हत्ती अजून उभा होता, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला आपले नाव दिले. (तो १८१४ साली कोसळला; त्याचे तुकडे जोडून भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारी ठेवले आहेत, तिथे आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी त्याला पाहिले असेल.) नीबूरच्या आधी पोर्तुगीज आणि इतर प्रवाशांनी या लेण्याची वर्णने केली होती, पण ती बहुतेक आश्चर्याने डोळे विस्फारून केलेली. नीबूरने खांब मोजले, अंतरे मोजली, तळाचा आराखडा काढला. चित्रकार मेला होता, म्हणून मूर्तींची चित्रेही स्वतःच काढली. तो कलावंत नव्हता, आणि त्या रेखाटनांत ज्या तीन मुखांना आपण त्रिमूर्ती म्हणतो आणि जाणकार सदाशिव म्हणतात, त्यांचे गांभीर्य उतरलेले आम्हांला दिसत नाही. पण दालनाची मांडणी मात्र उतरली आहे, आणि १७७८ साली ती छापून झाली तेव्हा भारतीय लेण्याचे इतके व्यवस्थित मोजमाप युरोपात दुसरे नव्हते. युरोपचे लोक इजिप्तचे पिरॅमिड पाहायला एवढा पैसा आणि जीव खर्च करतात आणि या लेण्यांकडे कोणी पाहत नाही, ही त्याची तक्रार होती. पिरॅमिड रचायला नुसते श्रम लागले; अखंड खडक कोरून देऊळ काढायला कसब लागते, असा त्याचा न्याय होता. दोन्ही पाहून आलेल्या माणसाने केलेला हा निवाडा आहे.

१७६४ च्या उन्हाळ्यापूर्वी तो सुरतेलाही जाऊन आला. सुरतेचे नाव या गोष्टीत पुन्हा यावयाचे आहे, म्हणून लक्षात ठेवावे.

डिसेंबर १७६४ मध्ये त्याने मुंबई सोडली. जहाजाने सरळ लंडन गाठणे सोपे होते. त्याने मस्कत, इराण, इराक असा खुष्कीचा रस्ता धरला, एकटा, अब्दुल्ला हे नाव घेऊन. मार्च १७६५ मध्ये तो शिराझजवळ तख्त-ए-जमशीदला, म्हणजे ग्रीकांच्या पर्सेपोलिसला, पोहोचला. अलेक्झांडरने जाळलेली ही अखेमनी सम्राटांची राजधानी. दगडी चौथरा, रुंद जिने, उंच खांब, आणि भिंतीभिंतींवर खिळे एकमेकांत ठोकल्यासारख्या आकारांच्या ओळीच्या ओळी.

हे काय आहे याबद्दल युरोपात एकमत नव्हते. ऑक्सफर्डचे नामांकित पंडित टॉमस हाइड यांनी तर १७०० सालच्या आपल्या ग्रंथात ही अक्षरेच नव्हेत, कारागिराने केलेली नक्षी आहे, असे ठरवून टाकले होते. नीबूरला यातले काही ठाऊक असो वा नसो, तो तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथे राहिला आणि रोज सकाळपासून त्या खुणा उतरवीत बसला. झिलई केलेल्या दगडावर ऊन तिरपे पडले म्हणजेच कोरीव रेषा दिसत. त्या झगमगाटाने त्याचे डोळे सुजले, दुखावले. तरी त्याने काम सोडले नाही.

न कळणारी लिपी उतरविणे ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. आपण कोणाला तमिळ येत नसताना तमिळचे एक पान हाताने उतरवायला सांगून पाहावे. चार ओळींनंतर हात आपल्या मनातले आकार काढू लागतो, डोळा दोन वेगळ्या अक्षरांना एक समजतो. समजत असलेल्या मजकुरात अर्थ चुकीला आवर घालतो. इथे आवर घालायला काहीच नव्हते, फक्त माणसाचा प्रामाणिकपणा होता. जमीन मोजणाऱ्याला ती सवय असते. बांध इकडे असता तर बरे झाले असते, असे त्याला वाटून चालत नाही.

उतरविता उतरविता नीबूरला तीन गोष्टी दिसल्या. एकच मजकूर दोन ठिकाणी होता आणि ओळी वेगळ्या जागी तुटल्या होत्या. त्यावरून हे लेखन डावीकडून उजवीकडे जाते हे सिद्ध झाले. शेजारी शेजारी असलेले लेख एका लिपीचे नव्हते, तीन निरनिराळ्या लिप्यांचे होते. आणि त्यांतल्या सर्वांत सोप्या लिपीत चिन्हे थोडी होती. त्याने ती ४२ भरविली. आज ती प्राचीन फारसी लिपी म्हणून ओळखली जाते आणि तिची ध्वनिचिन्हे ३६ धरतात. म्हणजे न वाचता केलेली त्याची यादी किती जवळ आली होती पाहा. दुसऱ्या दोन लिप्यांत एलामी आणि बाबिलोनी या भाषा होत्या.

वाचले ते इतरांनी. शेजारच्या नक्श-ए-रुस्तम येथील सासानी काळचे लेखही नीबूरने आणले होते. ते पॅरिसच्या सिल्व्हेस्त्र द सासी यांनी उलगडले, आणि इराणी राजे आपली ओळख ‘अमुक, राजाधिराज, अमुकाचा पुत्र’ अशा ठरीव शब्दांत देतात हे उघड झाले. नीबूरच्या आधी काही वर्षे आंकेतील दुपेराँ हा फ्रेंच तरुण सुरतेच्या दस्तुरांपाशी बसून अवेस्ता शिकला होता; १७७१ साली त्याने तिचे भाषांतर छापले आणि त्यात विश्तास्प, गुश्तास्प ही नावे युरोपला मिळाली. या दोन किल्ल्या आणि नीबूरची पाने घेऊन १८०२ साली ग्यॉटिंगेनमधलाच एक शाळामास्तर, गेओर्ग ग्रोटेफेंड, बसला आणि त्याने दारयवहु, क्षयार्ष, विश्तास्प ही नावे ओळखली. त्याचा निबंध तिथल्या विद्वत्सभेने पुरा छापलाही नाही. तो १८०५ साली दुसऱ्याच्या पुस्तकाच्या पुरवणीत आला. १८२६ साली डेन्मार्कचा रास्मुस रास्क, जो स्वतः मुंबईस येऊन गेला होता, त्याने ‘राजांचा राजा’ या शब्दांतील शेवटचा प्रत्यय ‘आनाम्’ असा वाचला. ‘देवानाम्’ म्हणणाऱ्या आपल्या कानाला त्याची ओळख पटायला कोश लागत नाही. पुढे रॉलिन्सन, जो १८२७ मध्ये कंपनीच्या फौजेत मुंबईला आलेला पोरगा होता, त्याने बेहिस्तुनचा मोठा लेख मिळविला. १८५७ पर्यंत बाबिलोनीही वाचता येऊ लागली, आणि सुमेर, बाबिलोन, असूर यांचा दोन-अडीच हजार वर्षांचा मुका इतिहास बोलू लागला.

नीबूर बगदाद, मोसूल, हलब, जेरुसलेम करीत १७६७ च्या नोव्हेंबरात कोपनहेगनला पोहोचला. पाठविणारा राजा आदल्या वर्षी वारला होता. नव्या दरबाराला अरबस्तानचे कौतुक नव्हते. तीन वर्षांत बेर्नस्टॉर्फही गेले. स्वतःचे अरबस्तानचे वर्णन त्याने १७७२ मध्ये आणि प्रवासवृत्ताचे दोन खंड १७७४ व १७७८ मध्ये छापले, बराचसा खर्च पदरचा करून. याहीपेक्षा आम्हांला मोठे वाटते ते दुसरे काम. वाटेत मेलेल्या फोर्सकॉलचे कागद विस्कळीत, लॅटिनमध्ये, एका अशा शास्त्राचे की ज्यात नीबूरला गती नव्हती. तरी १७७५ आणि १७७६ साली त्याने मित्राची प्राण्यांची आणि वनस्पतींची वर्णने आणि चित्रे प्रसिद्ध केली. फोर्सकॉलने वनस्पतींसारखे कागदात दाबून वाळविलेले तांबड्या समुद्रातील मासे कोपनहेगनच्या संग्रहात आजही आहेत, आणि माशांच्या पुष्कळ नावांमागे त्याचे नाव लावलेले असते. नीबूरने ती पुस्तके काढली नसती तर ते लावायला कोणी उरला नसता.

१७७८ मध्ये त्याने राजधानी सोडली आणि होलस्टाइनमधील मेल्डॉर्फ या छोट्या गावी महसुली कारकुनाची जागा पत्करली. पुन्हा पाणथळ जमीन, बांध, हिशेब. सरदारकी देऊ केली ती घेतली नाही. प्रवासाचा तिसरा खंड त्याच्या हयातीत निघालाच नाही. तो १८३७ साली निघाला. पर्सेपोलिसला दुखावलेले डोळे म्हातारपणी जवळजवळ गेले. मुलगा लिहितो की रात्री झोप येईनाशी झाली म्हणजे आंधळ्या बापाला पूर्वेकडचे ते गहिरे आकाश आणि त्यातले तारे, आणि पर्सेपोलिसच्या भिंती, पुन्हा समोर दिसत, आणि तो घरच्यांना ते सांगत बसे. २६ एप्रिल १८१५ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, तो मेल्डॉर्फला वारला. बाकीच्या पाचांना जाऊन तेव्हा पन्नासहून अधिक वर्षे झाली होती.